बारीक भोकांचा फिल्टर

भीमराव गेल्याचं पत्र त्यांच्या पत्नीनं, काशीबाईंनी, पाठवलं. सोबत फडक्यात बांधलेला पितळी कॉफी-फिल्टर. पत्रात शेवटी होतं, "आंत आहे तें तुमचें. परत करावें, असें सांगून गेले." महिनाभर ती गाठ सोडायचा मला धीर झाला नाही.

पंच्याऐंशीच्या सुमारास मी पुण्याहून कुंभकोणमच्या एका भांड्यांच्या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून गेलो. तमिळ गलबल्यात एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "मराठी कीं तुम्ही? मग घरीं जेवायास यावें." मराठेशाहीत तिकडे गेलेल्या घराण्यातले भीमराव! त्यांचं जुनं मराठी ऐकून मी फिस्सकन हसलो होतो, मूर्खासारखा.

नवी भांडी घडवणाऱ्या चौघांचे ते प्रमुख. मी त्यांना मागच्या शेडची किल्ली दिली आणि ऐटीत सांगितलं, "भीमराव, भांडं कसं असावं ते तुम्हीच ठरवायचं. मलाही विचारू नका." माणूस केवढा खुलला! चार महिने चौघे भोकं पाडत होते, कॉफी गाळत होते, ओतून देत होते. शेवटी दाट काढा उतरवणारा फिल्टर जमला.

मालकांनी घड्याळ पाहिलं. "कॉफी उतरायला वीस मिनिटं? कोण थांबतंय? भोकं मोठी करा."

भीमराव माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

मी काय केलं? "भोकं मोठी करा" अशी चिठ्ठी लिहिली, खाली सही ठोकली आणि त्यांच्या हातात दिली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसलं माझं ते स्वातंत्र्य!

माल बाजारात गेला तसा परत आला. कॉफी पाणचट. मालकांनी, जणू ते स्वतः काही बोललेच नव्हते, सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी ठरवलं?" तेव्हा मात्र शेड भीमरावांची, निर्णयही त्यांचेच! मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. "आमची चूक," एवढंच ते म्हणाले. शेडला कुलूप लागलं. निवृत्तीपर्यंत त्या माणसानं दुसऱ्यांनी घडवलेल्या भांड्यांना पॉलिश केलं. मी बढती घेऊन पुण्याला आलो, त्यांना साधं पत्रही टाकलं नाही.

काल गाठ सोडली. तोच पहिला नमुना, बारीक भोकांचा. आत घडी करून ठेवलेली माझी चिठ्ठी, सहीसकट. त्या दिवशी त्यांनी ती खिशातून काढून मालकांना दाखवली असती तर...

मी पाणी उकळलं, फिल्टर भरला आणि ओट्याशी वीस मिनिटं उभा राहिलो. कॉफी दाट उतरली, शेडमध्ये त्यांनी उतरवली होती अगदी तशी. पेला तोंडाला न लावताच मी ओट्यावर ठेवून दिला.