मावशीच्या दोराची चिंधी

जिल्हा नवा झाला, लातूरला भूजलाचं ऑफिस आलं आणि चाकूरकडच्या विहिरींचं पाणी मोजायला मी रोजंदारीवर लागलो. आमच्या वस्तीतला पहिला पेनवाला! आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती, त्यामुळं माझा तोरा काय विचारता.

मोजायचं कसं, तर कठड्यावरच्या लाल खुणेपासून टेप खाली सोडायचा. एप्रिलात जयंती आली, वस्तीवर निळे झेंडे लागले आणि शेजारच्या मावशीनं हौसेनं विहिरीच्या कठड्याला चुना फासला. खूण गायब! साहेबांना सांगायचं धाडस कुठलं? मी अंदाजानं नवी खूण काढली अन् गप्प बसलो.

चारच दिवसांनी भर दुपारी जमीन हलली. फळीवरची भांडी वाजली, लोक ओरडत बाहेर पळाले. कुणाला काही इजा झाली नाही. संध्याकाळी नव्या खुणेपासून पहिल्यांदाच टेप सोडला तर पाणी हातभर वर! दुष्काळात, थेंब पडलेला नसताना. माझी खूणच चुकली की काय? तरी आकडा लिहिला.

आठ दिवसांनी साहेब आले आणि नोंद बघून भडकले. "पाणी वर चढलं म्हणता? घरी बसून आकडे भरता का?"

मग खुणेचं सगळं ओकावंच लागलं.

"म्हणजे खूणच चुकली. उद्यापासून येऊ नका."

आईशेजारी खडी फोडणारा मी डोळ्यांपुढं दिसायला लागलो.

तेवढ्यात मावशी पाण्याला आली. तिची बादली पाण्याला टेकली, तरी दोराला बांधलेली चिंधी कठड्याच्या हातभर वरच राहिली. साहेबांनी विचारलं, "ही कशाला बांधली?"

"पाणी किती खाली गेलं ते कळाया. जयंतीच्या आधी बांधली. बादली टेकली की चिंधी बराबर कठड्यावर यायची. जमीन हालल्यापासून वरच ऱ्हातीया."

साहेबांनी कठड्यापासून चिंधीपर्यंत हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "धक्क्यानं खडक आवळला असेल. भेगांतलं पाणी वर ढकललं गेलं." त्यांनी माझ्या नोंदीखाली सही केली. "आता रोज मोजा."

हुश्श! मी कठड्यावर बसकणच मारली. डोळे भरून आले, लाजबिज काही वाटली नाही.

जीप गेल्यावर मात्र मी मावशीवर खेकसलो, "अगं, आठ दिस माझा जीव टांगणीला, अन् तू बोलली न्हाईस?"

मावशीनं दोर गुंडाळला. "म्या तर रोज हितंच हाय. मला कुणी इचारलं व्हय?"