स्टोव्ह किती दिवसांनी साफ करायचा?

मंडळी, आज सकाळी कॅनडाहून लेकीचा फोन आला. तिच्या नव्या घरात लाकडी गोळ्यांवर चालणारा पेलेट स्टोव्ह आहे. "ममा, हाऊ ऑफन शुड आय क्लीन इट?"

मला एकदम नव्वदच्या दशकातला बहरीन आठवला. उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये जानेवारीत रॉकेलचा हीटर लागायचा. एकदा बरेच दिवस वात साफ करायची राहिली. खिडक्या बंद होत्या, त्यामुळे हीटरचा विषारी वायू खोलीतच कोंडला. चार वर्षांची लेक खेळता खेळता मलूल झाली, माझंही डोकं गरगरू लागलं. तेवढ्यात हे शिफ्टवरून आले आणि दारातूनच ओरडले, "यल्ला, बाहेर चला!" तिला उचलून जिन्यात नेलं. गार हवेत ती रडली, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

मग दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी हे गॅलरीत पेपर पसरून हीटर साफ करायचे. शेजारी हसले की म्हणायचे, "हसू देत. लेक आहे घरात."

लेकीला यातलं काहीच आठवत नाही. मी सांगितलं, "राख रोज काढ, आठवड्याला आतून नीट पूस, वर्षातून एकदा चिमणीवाल्याला बोलव. आणि स्टोव्ह गार झाल्याशिवाय हात लावू नकोस."

ती म्हणाली, "यू साउंड लाइक अब्बा."

हे जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्या घरी अशी काळजी कोण घ्यायचं?