दोन भिंती आन् आमची विहीर

आमच्या गावाच्या आन् शहराच्या मधात एक नाला. अलीकडं ग्रामपंचायत, पलीकडं नगरपालिका. नाल्याच्या वळणावर आमचं एकरभर वावर आन् त्यात विहीर. त्या विहिरीवर माय मेथी-पालक लावायची आन् सकाळी आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकायची. आमचं घर त्याच्यावरच चाले.

नाल्यातून शहराची घाण वाहे. तक्रार नेली की पालिका म्हणे, "ते पंचायतीच्या हद्दीत." पंचायत म्हणे, "घाण त्यांची, आमी काऊन निस्तरू?" दोन्हीकडं शेवटी एकच, "रेपु रंडी." उद्या या म्हणे. तो उद्या काही उगवला नाही, आमचं तेलुगू मात्र सुधारलं.

मग देवच पावला! दोन्ही कचेऱ्यांची संयुक्त बैठक झाली. शाली झाल्या, नारळ झाले, 'शाश्वत शहर' असा फलक लागला. ठरलं काय, तर पाणी पसरू नये म्हणून आपापल्या काठाला आपापली भिंत बांधायची. आमी टाळ्या वाजवल्या. मले अजून त्याची लाज वाटते.

भिंती झाल्या झक्कास. पण वळणावर दोघांचे हद्दीच्या मोजणीचे दगड वेगवेगळ्या जागी. पालिका तिच्या दगडापाशी थांबली, पंचायत तिच्या. दुसऱ्याच्या हद्दीत एक वीट म्हणून ठेवली नाही, केवढा तो मान! मधात उघडं राह्यलं ते फक्त आमचं वावर.

श्रावणात नाला भरला. आधी दोन्ही काठांनी पसरणारं काळं पाणी आता एकाच वाटेनं आलं आन् आमच्या वाफ्यांवरून विहिरीत उतरलं. दोन्हीकडचे साहेब पाहणीले आले. आपापली भिंत ठोकून पाह्यली. एकही तडा नाही! एकमेकांचं अभिनंदन करून राह्यले होते. माय विहिरीपाशी उभी होती, तिच्याकडं कोणी पाह्यलंसुद्धा नाही. माह्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जाता जाता पालिकेचा साहेब वाफ्यापाशी थांबला. तो मायचं जुनं गिऱ्हाईक. म्हणे, "माय, दोन जुड्या दे. घरी तुझीच मेथी लागते."

"नाई देत, साहेब," माय म्हणाली. "तुमच्या घरी लेकरं हायेत."

साहेब गाडीत जाऊन बसला. सांजच्याले मायनं उभे वाफे उपटले. आमची गाय दावं ताणून हंबरत होती. तिच्यापुढंही मायनं त्यातली एक काडी टाकली नाही.