ग्रंथालयातल्या शेण्या

काल शाळेवरून येताना मैदानात सतरंज्या उन्हात टाकलेल्या दिसल्या, पुस्तकांना ऊन द्यायच्या तयारीच्या. होळी जवळ आली. मी फाटकाशी थोडी थांबले, पण आत गेले नाही. त्या शाळेच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक माझ्याकडे दोन वर्षं पडून आहे.

हे त्या शाळेत ग्रंथपाल होते आणि मी मराठी शिकवत होते. ग्रंथालय म्हणजे जिन्याला लागून असलेली एक लांबट खोली, सहा कपाटं आणि एक मोठं टेबल. आठवड्याला प्रत्येक वर्गाचा एक तास तिथं व्हायचा. मीही वह्या तपासायला तिथंच बसायची, कारण शिक्षकांच्या खोलीत फार बोलावं लागे.

त्या काळी पर्यावरण दिनाचं परिपत्रक दरवर्षी यायचं. दिवस पाच जूनचा आणि शाळा उघडायची त्यानंतर. त्यामुळे तो दिवस आमच्याकडे जुलैत व्हायचा. घोषणा लिहिलेले पुठ्ठे, एक फेरी आणि फाटकाजवळच्या खड्ड्यात एक रोप. रोप जगायचं नाही, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं लागायचं. हे एकदा म्हणाले, "झाड नाही तर नाही, खड्डा तरी मोठा होतोय." मुख्याध्यापकांना ते आवडलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातल्या एका होळीला शाळेसमोरच्या करंजाच्या फांद्या गल्लीतल्या पोरांनी रातोरात तोडून नेल्या. त्यात आमच्या शाळेचीच पोरं होती. यांनी कुणाला ओरडा दिला नाही. पुढच्या वर्षी होळीच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक वर्गाला ग्रंथालयाच्या तासाला त्यांनी एवढंच सांगितलं, की आपल्या गावात माणूस शेण्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर, जातो. होळीत जाळायच्या शेण्यांतल्या दोन-दोन इथं आणा, आपण त्या नदीकाठच्या स्मशानाला देऊ. आणि होळीसाठी झाडाला हात लावायचा नाही. शेण्या स्मशानाला द्यायची रीत कोल्हापूरला नवी नव्हती. पण त्या ग्रंथालयात गोळा करायची कल्पना यांचीच.

मुलांनी भरभरून आणल्या. कुणाच्या आईनं हळदकुंकू लावून पाठवल्या होत्या. कुणी सकाळी थापलेल्याच कागदात गुंडाळून आणल्या.

"सर, ह्या वल्या हायती की!"

"असू देत. आठ दिवसांत वाळतील."

"अहो, इथं पुस्तकं आहेत," मी म्हटलं.

"म्हणून तर. कोरडी जागा आहे."

आयुष्यभर पुस्तकं सांभाळलेल्या माणसानं असं म्हणावं, याचं मला आजही नवल वाटतं. कपाटांमागे भिंतीला लावून शेण्या रचल्या गेल्या. आठवड्यानं खोलीत वास भरला आणि दहाव्या दिवशी पक्षी-प्राण्यांच्या कपाटात बारीक काळे किडे फिरताना दिसले. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले. "हे ग्रंथालय आहे की गोठा?"

हे त्या दिवशी घरी जेवले नाहीत. "माझ्या हातानं मी पुस्तकांत किडे सोडले," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शेण्या व्हरांड्यात आल्या आणि सगळी पुस्तकं मैदानात. एकेका मुलाला पाच-पाच पुस्तकं वाटली. पान न् पान उलटायचं, फडक्यानं झटकायचं, ऊन दाखवायचं. मुलं पानं उलटू लागली, आणि थोड्या वेळानं उलटायची थांबली. वाचत होती. सातवीतली एक मुलगी एकदम ओरडली, "सर, ह्यो आमच्या परड्यात येतो की! शेपटी बघा, तसलीच!" तिच्या मांडीवरच्या पुस्तकात दयाळ पक्ष्याचं चित्र होतं. मग दुसऱ्याला घुबड सापडलं, तिसऱ्याला उंबर. गणिताचा तास बुडाला. ज्यांचा तास होता ते सर रागावून आले आणि स्वतःच एक पुस्तक घेऊन कडेला बसले.

तेव्हापासून तीच रीत पडली. होळीच्या आधी एक दिवस पुस्तकांना ऊन द्यायचं आणि त्याच दिवशी व्हरांड्यात शेण्या द्यायच्या. वाचताना जे झाड, जो पक्षी भेटेल, तो आपल्या गल्लीत, घरामागच्या परड्यात कुठं आहे ते उभं राहून सांगायचं. घोषणा नाहीत. यांनी एकही घोषणा कधी लिहू दिली नाही. "झाडं जगवा असं झाडाला कुठं वाचता येतं," म्हणायचे. करंजाला पुढं फांद्या आल्या. त्या तोडायला आमची पोरं गेली नाहीत आणि दुसऱ्यांना त्यांनी जाऊ दिलं नाही.

दयाळवाली ती मुलगी पुढच्या वर्षी आठवीत गेली. तोंडाची मोठी फटकळ. पुस्तकं उन्हात असताना तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुमी मेल्यावर तुमालाबी शेण्याच?"

कुणीतरी तिच्या पाठीत धपका घातला. मी वहीतून वर पाहिलं. यांनी चष्मा काढून पुसला.

"मलाबी. माझ्यासाठी झाड तोडायचं नाही."

"मग शेण्या कोण आणणार?"

"ज्याच्याकडं पुस्तक थकलंय त्यानं."

हसण्यानं मैदान दणाणलं, कारण पक्ष्यांचं ते पुस्तक दोन महिने परत न येता तिच्याकडेच होतं.

घरी मी रागावले. मुलांसमोर असलं अभद्र बोलतात का? हे म्हणाले, "मुलांसमोर बोललेलं मोडता येत नाही, म्हणून बोललो. तू लक्षात ठेव. त्या दिवशी तुला बोलावं लागेल, मी नसेन." मग हसून म्हणाले, "आणि तू तर बोलत नाहीस."

ते खरं होतं. पुढची बारा-तेरा वर्षं ते वाक्य माझ्या मनात राहिलं. मला त्यांच्या जाण्याची भीती होतीच. पण त्याहून, आयत्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, याची भीती जास्त होती.

ते गेले सकाळी, चहा व्हायच्या आधी. दुपारपर्यंत गारगोटीकडच्या गावाहून थोरले दीर आले. शेतकरी माणूस, आवाज असा की बोळाच्या तोंडाशी ऐकू यावा. भावाच्या पायांशी बसून ते लहान मुलासारखे रडले. मग उठून धोतर सावरत म्हणाले, "लाकडाची काळजी करू नका. बांधावरच्या आंब्याचा खांदा तोडाय लावलाय. टेंपो निघंल आता."

ज्याची फांदी तोडायची तो आंबा यांच्या वडिलांनी लावलेला. सुट्टीत गावी गेलो की हे त्याच्याखाली वाचत पडायचे.

मी म्हटलं, "दादा, लाकूड नको." कुणाला ऐकूच गेलं नाही. मी उठून उभी राहिले आणि पुन्हा म्हटलं, तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "लाकूड नको. शेण्यांवर न्यायचं. यांनी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"शाळेतल्या मुलांना."

"पोरास्नी दिल्याला शब्द!" दीर चिडले. "त्यो काय कोर्टाचा कागुद हाय? सख्ख्या भावाला आपल्या रानातलं लाकूड न्हाय मिळालं तर गाव शेण घालंल माझ्या तोंडात. तुमी शिकल्याली माणसं, तुमाला काय!"

तेवढ्यात दारात एक स्कूटर थांबली. एक तरुण बाई उतरली. तिच्या नवऱ्यानं पुढ्यातलं पोतं उचलून खाली ठेवलं.

"काय पावणं, पोत्यात काय?" दिरांनी विचारलं.

"शेण्या हायत."

बाईनं दिरांकडे पाहिलं. "मी ती पोरगी," ती म्हणाली. "सरांनी शब्द दिल्याली. पेठ वडगावात असते आता, शिक्षिका आहे. सकाळी फोन आला तशी शेजारच्या गोठ्यातनं मागून आणल्या." मग पिशवीतून तिनं एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. पक्ष्यांचं. कडेला किड्यांनी कुरतडल्याच्या तपकिरी खुणा तशाच होत्या. "शाळा सोडताना दिलंच नव्हतं, बाई. थकलंय त्यानं आणायच्या, म्हणाले होते."

आता मात्र ती रडली. तिच्यामागून आणखी दोघं-तिघं आले. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या घमेलं. ही सगळी एकेकाळी त्या मैदानात पुस्तकं झटकत होती.

दिरांनी वाकून पोत्यातली एक शेणी उचलली आणि हातात तोलून पाहिली. मग त्यांनी बरोबर आलेल्या आपल्या मुलाकडून फोन मागून घेतला. "हॅलो. आरं, खांदा तोडला का? ... कुऱ्हाड लावली न्हवं अजून? मग ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे म्हणतोय की! टेंपो नगो." फोन परत देऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी घरीच राहिले. संध्याकाळी दीर परत आले, अंघोळ करून पायरीवर बसले आणि हात नाकाशी नेत म्हणाले, "दोनदा साबण लावला तरी वास जाईना." थोड्या वेळानं आपणहून सांगू लागले. "पोरं नुसती एकावर एक टाकाय लागल्याली. म्हटलं, सरका बाजूला, वारा खेळाय नगो व्हय? घरी शेण्यांचा हुडवा रचतो तसा रचला म्या. एकेक उभी लावली. खाली थोडी लाकडं हुती तिथलीच, ती लागत्यातच. पर आपला आंबा न्हाय." आणि म्हणाले, "शेणी चांगली हुती. कुणी थापल्याली कुणास ठाऊक, पर हात चांगला हुता."

म्हणजे यांचा शब्द पुरता पाळला गेला, असं नाही म्हणता येणार. खाली लाकूड होतंच. हे असते तर त्यांनी नक्की विचारलं असतं, कुठल्या झाडाचं?

गेल्या फाल्गुनात दिरांनी गावाहून पोतं पाठवलं होतं, मी ते शाळेत नुसतं पोचवलं. या वर्षी ते स्वतः एसटीनं पोतं घेऊन आले. "आंब्याला मोहोर लई आलाय," दारातूनच म्हणाले. पोतं आमच्या व्हरांड्यात आहे. गावाकडे हुडवा कसा रचतात ते शाळेतल्या पोरांना दाखवायचं आहे, म्हणून ते आज राहिले आहेत.

उद्या आम्ही दोघं शाळेत जाऊ. नवीन ग्रंथपालबाई तरुण आहेत. पुस्तकाचं मी त्यांना सांगेन. ते मिळालं आहे, माझ्याकडे आहे, असं सांगेन. उद्या दिवसभर ते इतर पुस्तकांबरोबर उन्हात राहील. पण संध्याकाळी मी ते घरी घेऊन येणार आहे. ज्याच्याकडे पुस्तक थकलंय त्यानं शेण्या आणायच्या, आणि अजून काही वर्षं त्या मला आणायच्या आहेत.