बाबलीच्या कॉन्सर्टिनाला वारा

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५, देवबाग. सुरमई मिळाली नाही, पेडवे घेतले. विनीत बुवांची बाजाची पेटी होडीतून उतरवताना खाडीत पडली. दुपारी देवळात डबलबारी.

डबलबारीत दोन भजनी बुवा समोरासमोर बसून आळीपाळीने गातात. समोरच्या बुवांकडे पेटी मागणं म्हणजे गाण्याआधीच हार. म्हणून विनीत बुवा माझ्या शेजारच्या बाबलीकडे आले.

बाबली जन्मभर जहाजावर ऑइलर होता, इंजिनांना तेल घालणारा. तिथेच एका खलाशाकडून तो कॉन्सर्टिना शिकला. दोन हातांत धरायची सहाकोनी पेटी, मध्ये कातडी भाता, दोन्ही बाजूंना बटणं. निवृत्त होऊन आल्यापासून तो दार लावूनच वाजवतो, कारण बाहेर काढली की लोक चेष्टा सुरू करतात. कोणी तिला पेटीचं पिल्लू म्हणतं, कोणी विचारतं, सेल कुठे घालायचे? एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि मिटताना दुसरा, हे त्याने आमच्या वाडीतल्या भाईला दाखवलं, तर भाई म्हणाला, "मगे ती बिघडलेली आसा रे!" कॉन्व्हेंटात पियानो शिकलेल्या मलाही आधी तसंच वाटलं होतं.

"वयनी, भातो जुनो झालो," बाबली मला म्हणाला. "फाटलो तर हयसर कोण शिवतलो?" तरी गेला.

समोरची मंडळी हसली. "खेळणा घेऊन इले!"

बाबली कोपरं अंगाशी धरून जपून वाजवत होता. मानेवर घाम. पण सूर बुवांच्या गळ्याला बरोबर लागला आणि हसू थांबलं. भाई त्याच्या शेजारीच बसला होता. पेटी वाजवणारा एका हाताने भाता हलवून वारा घालतो, हे त्याला पक्कं ठाऊक. बाबलीचे तर दोन्ही हात बटणांवर! वारा घालायला माणूसच नाही, असं त्याला वाटलं. त्याने पुढे होऊन एक बाजू घट्ट धरली.

"तू बोटां चालव, मी वारो घालतंय!"

"सोड! भाई, सोड म्हणतंय!"

पखवाजात त्याचा आवाज बुडाला. भाईने मनापासून जोर लावला. भाता कोपऱ्यात फाटला.

बुवा गातच होते. आता सूर तुटला तर बारी गेली. बाबलीने भाईचा हात झटकला, फाटका कोपरा गुडघ्यावर दाबला आणि अगदी आखूड ओढत वाजवू लागला. हवा सुसू करत गळत होती. मी पदराचं टोक मुठीत आवळून बसले. एकेक ओळ संपताना वाटे, ही शेवटची.

अभंग पुरा झाला. समोरचे बुवाच म्हणाले, "ह्या तर समुद्राचो आवाज पण काढता!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात भाईच्या.

बाबली हसला नाही. घरी येताना कॉन्सर्टिना सदऱ्याखाली धरली होती.

"संपली, वयनी."

"ठिगळाला कातडं कसलं लागेल?"

"पातळ. मऊ. पण खंय गावतला?"

संध्याकाळची नोंद: चष्म्याचं कातडी घर कापलं. चष्मा रुमालात गुंडाळून फडताळात ठेवला आहे.