मंडई पाच वाजता बंद

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, गावची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे लेकीबाळी, सोयरेधायरे सगळ्यांना सगळीकडे जाता येतं. दिवसा दुकानं नि दंडारीचा नाच, रात्री नाटक, ते थेट उजाडेपर्यंत. याच गर्दीत लग्नाच्या पोरापोरींना पाहूनही होतं. त्या वर्षी माझा नंबर होता.

मी बीएस्सी होऊन भंडाऱ्याजवळ कारध्याला घरी बसले होते. बसले होते हा बाबांचा शब्द. सकाळी धान कापणाऱ्या बायांचा डबा पोचवायचा नि दुपारी मोबाईलवर कोडिंगचे व्हिडिओ बघायचे, याला ते बसणं म्हणत. मला नागपूरला मावशीकडे राहून कोडिंगचा वर्ग करायचा होता. बाबांचं म्हणणं, आधी काही करून दाखव, मग बोलू.

"चालणारं पाहिजे. उगाच रंगीत पान नको दाखवजो मले."

मुदत आमच्या गावच्या मंडईपर्यंतची. नाही जमलं तर पाहुणे येणारच होते, आणि जमलं तरी येणारच होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

आता दाखवू तरी काय? हातानं कोड लिहून माझ्याकडून जेमतेम एक पान व्हायचं, तेही मोबाईलवर उजवीकडे सांडायचं. दुसरा रस्ता सोपा होता. सीएमएस म्हणतात त्याला. साईटचं घर बांधून तयार असतं, आपण नुसतं सामान लावायचं. शिकायची परवानगी मिळवायला मी न शिकता होणारं काम धरलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, घाई होती.

मी आजूबाजूच्या गावांच्या मंडईची साईट केली. कोणत्या गावची कधी, रात्री नाटक कोणतं, जायला बस कुठून. फुकटात जो साचा मिळाला तो दुकानांसाठी होता. दुकानाच्या जागी गाव टाकलं, मालाच्या फोटोच्या जागी नाटकाचं पोस्टर. आठवड्याच्या आत झालं. बाबांनी ती भावकीच्या ग्रुपवर टाकली आणि तिथून ती पसरली. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांच्या दुकानात त्यांना कोणीतरी विचारलं, ते मंडईचं तुमच्या पोरीनं बनवलं का. त्या दिवशी बाबा घरी आले आणि आईला म्हणाले, "चहा मांड. बाईलेही दे." बाई म्हणजे मी. आमच्या घरात चहा मी करायची, मला कोणी विचारायचं नाही.

एक लहानशी भानगड मात्र राहून गेली होती. प्रत्येक गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ येत होती: सायंकाळी ५ वाजता बंद. दुकानाचा साचा, त्याला बंद व्हायची वेळ लागणारच. रकाना रिकामा सोडला तर पान सेव्ह होईना. पहाटेचे पाच टाकले तर साचा म्हणे, बंद होण्याची वेळ उघडण्याच्या आधीची आहे, पुन्हा तपासा. तो रकानाच उडवायचा तर आतला कोड कळायला हवा, आणि तो मला कळत नव्हता. म्हटलं, जाऊ दे, कोण वाचते.

आत्यानं वाचलं. आंबागडहून तिचा बाबांना फोन आला. "काहून रे, औंदा नाटक नाई का? पाचले बंद लिहून हाय."

जन्मभर उजाडेपर्यंत बसून ज्यानं मंडईचं नाटक पाहिलं, त्या माणसानं हसून फोन ठेवायला हवा होता. बाबा म्हणाले, "पोरीनं लिहिलं म्हणजे असंन काही. इचारतो." आणि खरंच मंडईच्या मंडळींना विचारायला गेले. तिथं त्यांची मनसोक्त खेचली गेली. मंडई का बँक हाय गा, पाचले शटर पाडाले? घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "ते पाचचं काढून टाक."

"पाहते," म्हटलं. नाही निघालं.

मंडईच्या दिवशी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. चहा यायच्या आधीच बाबांनी मोबाईल काढला. "हे पाहा. हिनंच बनवलं सारं."

मुलाच्या वडिलांनी बोट फिरवत पाहिलं. "चांगलं हाय. घरी बसूनच होते ना हे काम? बाहेर नाई जाव लागत?"

"कायले लागते," बाबा म्हणाले. "नागपूरले शिकाले जातो म्हणे. पन आता गरज काय? येऊनच राहिलं तिले."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. जे दाखवून मी जाणार होते, तेच दाखवून मला घरी बसवणं चाललं होतं. मी ट्रे खाली ठेवला.

"मी नाई बनवलं हे," मी म्हणाले. "तयार भेटते. मी फक्त गावांची नावं भरली. ते पाच वाजता बंद लिहून हाय ना, तेही मले काढता येत नाई."

मामांना हसू आलं. बाबांनी मोबाईल खिशात ठेवला. पाहुण्यांनी चहा घेतला, दंडार पाहायला गेले, जाताना कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

रात्रीच्या जेवणाला बाबा म्हणाले, "चारचौघांत बापाचं नाक कापलं. काहून?"

"खोटं होतं बाबा."

"मले त चांगलंच दिसत होतं."

मग ताट संपवून ते उठले. हात धुताना त्यांनी विचारलं, वर्ग कधी चालू होते.

निघायच्या दिवशी ते मला भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर सोडायला आले. स्टँडवर त्यांच्या ओळखीचे एक जण भेटले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "हेच ना ते मंडईवाली? हुशार हाय पोरगी."

बाबांनी माझी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाई," म्हणाले. "येत नाई तिले अजून. शिकाले चालली."

अगदी सरळ म्हणाले, कोणतीही खोच न ठेवता. मला बसमध्ये चढेपर्यंतही रडू आवरलं नाही.