बगिच्यासारखी घेतलेली गाडी

मोठेबाबानं गाडी घेतली, पण चालू करून नाही पाह्यली. एकदाही नाही. मी बाजूलेच उभी होती म्हणून सांगते, नाहीतर मलेही कोणी सांगितलं असतं तं खरं नसतं वाटलं.

मोठेबाबा म्हणजे माह्या बाबाचे मोठे भाऊ. नाव मोरेश्वर, पण तिगावपासून सौसरपर्यंत सगळे बापूजीच म्हणतात. जिंदगीभर एकच धंदा केला, संत्र्याचे बगिचे घ्यायचा. आमच्या इकडे बगिचा उभाच विकते. फळ अजून हिरवं असते तेव्हाच व्यापारी येते, ओळीओळीनं फिरते, मान वर करून पाहते, अन् एक आकडा बोलते. शेतकऱ्यानं हो म्हटलं की झाली जबान. मंग फळ गळो, गारा पडो, भाव पडो, व्यापाऱ्याचं नशीब. काही लोक नंतर पलटतात. मोठेबाबा कधी पलटले नाही. अन् त्याइचा अजून एक नियम, झाडावरचं फळ दाबून पाहायचं नाही. "दाबलं की थे फळ खराब होते, अन् मालकाचं मनही," असं म्हणतात थे.

तं त्या बुधवारी पांढुर्ण्यात संदीपभाऊच्या प्लॉटवर असंच झालं. संदीपभाऊ जुन्या गाड्या विकतात. मोठेबाबा सगळ्या गाड्याइच्या मधून बगिच्यात फिरावं तसे फिरले, हात मागं बांधून. एका छोट्या पांढऱ्या गाडीजवळ थांबले. मागचं दार उघडलं, सीटवर बसले, उठले. परत बसले, परत उठले. मंग सीटपासून जमिनीपर्यंत वितीनं मोजलं.

संदीपभाऊ म्हणे, "बापूजी, चावी लावतो ना. एक चक्कर मारून पाहा."

"कायले?"

"अहो, इंजिन ऐका, गिअर पाहा. कोणाले घेऊन यायचं होतं सोबत. जुनी गाडी आहे, मंग म्हणान सांगितलं नाही."

"संदीप, मी फळ दाबून पाहत नाही."

अन् बोलले आकडा. झाली जबान. मीही येडी, लगेच फोटो काढून स्टेटसवर टाकला, 'आमची नवीन गाडी', तीन हार्ट.

आता सीट काहून मोजली थे सांगते. मोठी आई, म्हणजे प्रेमलता, मोठेबाबाची बायको, तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत. बसची पायरी तिच्यानं चढणं होत नाही. तिची मोठी बहीण विजया मावशी रामाकोन्याले राहते, अन् दोन वर्षांपासून दोघी फक्त फोनवर बोलून राहिल्या होत्या. आता मावशीचा मुलगा मयूरदादा तिले कायमचं पुण्याले नेणार होता. सोमवारी निघणार, घराले कुलूप. दोघीइचंही वय पाहता हे भेट झाली तं झाली, नाहीतर मंग नाहीच. मोठेबाबानं मावशीले फोनवर सांगून टाकलं होतं, "रविवारी आणतो प्रेमाले. आपल्या गाडीत." तेव्हा गाडी घेतलीही नव्हती! घरातल्या बाजेवरून मोठी आई आपली आपण उठते, म्हणून बाजेएवढ्या उंचीची सीट थे शोधून राहिले होते. बाकी गाडीत इंजिन आहे की नाही याच्याशी त्याइले मतलबच नव्हता.

संदीपभाऊच्या माणसानं गाडी चालवत तिगावले आणली, घरासमोर उभी केली अन् बोनेटमधून धूर निघाला. धूर नाही, वाफ. फुस्स करून. शेजारच्या शीतल काकू आरतीचं ताट घेऊन आल्या होत्या, त्या तशाच मागं सरकल्या.

वैभवदादा, म्हणजे मोठेबाबाचा मुलगा, छिंदवाड्याहून दुसऱ्या दिवशी आला अन् त्यानं गौतम मिस्त्रीले घरी बोलावलं. गौतमभाऊनं बोनेट उघडलं अन् एकेक काढून दाखवू लागले. उंदरानं कुरतडलेले वायर. एअर फिल्टरमध्ये कापसाचं घरटं, खराखुरा कापूस, गाडी कोणाच्या तरी कापसाच्या घरात उभी असन कितीक दिवस. एक काच खाली गेली की वर येत नव्हती. "हे सगळं करून देतो," गौतमभाऊ म्हणे, "पण रेडिएटर गेलं आहे. आतल्या अर्ध्या नळ्या जाम. नवीन नागपूरहून येईन, मंगळवारशिवाय नाही."

मंगळवार! मले तं रडूच आलं. मी खरंच रडली, मी कशातही रडते, पण यावेळी कोणी हासलं नाही.

वैभवदादा भडकला. "बाबा, उद्याच नेऊन देऊ. मी बोललो संदीपशी, तो स्वतः म्हणून राहिला की आणून द्या."

"नाही."

"काहून नाही?"

"गारा पडल्या म्हणून बगिचा वापस केला का मी कधी?"

"बगिचा अन् गाडी एक आहे का बाबा?"

"जबान तं एकच आहे ना."

मोठी आई आतून ओरडली, "अख्खी जिंदगी झाडं पाह्यले, अन् आता लोखंड पाहाले गेले! लोखंडाले बहार येते का वो?" मोठेबाबा हासले. ती बोलते तेव्हा थे नेहमी हासतात.

वैभवदादानं किरायाची गाडी शोधली. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, लग्नसराई जोरात, रविवारी कोणाचीच गाडी खाली नाही. एक मिळाली थे उंच जीप. दारात आणून उभी केली, मोठ्या आईनं एक हात दांड्याले लावला, पाय उचलाले पाह्यला अन् तशीच उभी राहिली. मंग म्हणे, "ने बाबू वापस. मी विजीशी फोनवर बोलून घेईन." अन् आत गेली. रविवारसाठी काढून ठेवलेलं लुगडं तिनं घडी करून परत अलमारीत ठेवलं. टोमणाही नाही मारला.

मोठेबाबानं थे पाह्यलं. ओट्यावर जाऊन बसले अन् गौतमभाऊले फोन लावला. "गौतम, गरम व्हायच्या आधी किती चालते थे?"

"दहा किलोमीटर समजा. मंग बंद करा, थंडी होऊ द्या, पाणी टाका. पण बापूजी, गरम असताना झाकण खोलू नका, तोंड जळन."

"दहा लई झाले."

फोन ठेवला अन् बोटावर मोजू लागले. मले वाटलं किलोमीटर मोजून राहिले. नावं होती ती! "इथून निघालो की ढोबळ्याचा बगिचा. तिथून बोबड्याचा. मंग कामड्याचा..." तिगाव ते रामाकोना, दर दहा किलोमीटरवर कोणाचा बगिचा आहे, कोणाच्या विहिरीले पाणी आहे, सगळं तोंडपाठ. मी पाहतच राहिली. आपण मॅपवर पेट्रोल पंप शोधतो, अन् हा माणूस माणसं शोधून राहिला होता.

"कोणाले फोन केला का?" वैभवदादानं विचारलं.

"कायले? घरचेच आहेत."

गौतमभाऊनं रेडिएटर सोडून बाकी सगळं करून दिलं, अन् रविवारी सकाळी निघालो. वैभवदादा चालवत होता, तोंड फुगवून. मी समोर, मागं थे दोघं. मोठ्या आईचं लुगडं अलमारीतून परत बाहेर आलं होतं. इंजिनच्या गरमीचा काटा वर चढू लागला की मी त्याच्याकडंच पाहत बसायची. तो लाल रेघेजवळ पोचला अन् मोठेबाबा म्हणे, "डाव्या हाताले घे."

ढोबळेइच्या बगिच्यात तोडणी चालू होती. म्हातारे ढोबळे आजोबा झाडाखालून वाकून बाहेर आले, पाह्यलं, अन् ओरडले, "बापूजी! बगिचे पारखता अन् गाडी अशी कशी घेतली गा?"

"वरून चांगली होती, आतून चुसलेली निघाली."

सगळे तोडणीवाले खो खो हासले. मोठ्या आईनं दार उघडलं, पाय बाहेर काढून बसली, अन् पाच मिनिटात तिच्याभोवती बायाच बाया. चहा आला. तिच्या मांडीत संत्री. ढोबळे आजी माह्या शेजारी बसली अन् म्हणे, "तू बापूजीची पुतणी का वो? त्या गारपिटीच्या साली तू नसशीन झाली. झाडाखाली नुसती फळं पडलेली, वर पानही नाही. यानं बगिचा घेतलेला होता. आम्ही म्हटलं, हा आता येत नाही. आला. खालची फळं पाह्यली, अन् बोलला होता तेवढं सगळं देऊन गेला. माह्या पोरीचं लग्न त्याच्यावर झालं."

वैभवदादा रेडिएटरमध्ये पाणी टाकत होता. त्याचा हात थांबला. गाडीत बसल्यावर हळूच म्हणे, "त्या साली आपल्याकडे दिवाळी काहून नाही झाली, थे आज समजलं मले." मागून मोठी आई म्हणे, "समजलं ना? मंग समोर पाहून चालव."

बोबडेइच्या बगिच्यातही तसंच. तिथं तं त्याइनं बाज आणली बाहेर, उशी आणली, जेवून जा म्हणून हात धरला. मोठेबाबा म्हणे, "नाही गा, आज हिले पोचवायचं आहे." त्याइची सून तेजस्विनी, माह्याहून थोडीच मोठी, तिनं बादलीनं पाणी आणून दिलं अन् विचारलं, "आता कोठी थांबान?" मोठेबाबा म्हणे, "कामड्याकडे." ती काहीतरी बोलणार होती, पण मी दार लावलं, गाडी निघाली.

दहा किलोमीटर. काटा लाल रेघेवर. मोठेबाबा म्हणे, "हे वळण, अन् उजव्या हाताले घे."

उजव्या हाताले काहीच नव्हतं.

म्हणजे वावर होतं. तूर उभी होती. एकही संत्र्याचं झाड नाही. बांधावर काही बुंधे पडलेले, वाळलेले, पांढरे. मोटारपंपाची खोली बंद, कुलूप. आवाज देऊनही कोणी आलं नाही. बोनेटमधून वाफ चालू झाली अन् वैभवदादानं गाडी बंद केली.

मोठेबाबा उतरले अन् एका बुंध्याजवळ जाऊन उभे राहिले. त्याइनं त्याच्यावर हात ठेवला, असा, कोणाच्या खांद्यावर ठेवतात तसा. "कामड्यानं कधी तोडला बगिचा?" असं आपल्याशीच म्हणाले. मी त्याइले पहिल्यांदा म्हातारं पाह्यलं. आमच्याजवळ पाणी म्हणजे प्यायची एक बाटली. अन् तेवढ्यात मयूरदादाचा फोन आला, की मावशी सकाळपासून दारात बसून आहे, जेवत नाही, कोठी पोचले? मी काय सांगू? मी म्हटलं, येऊनच राहिलो, अन् फोन कापला. मोठी आई सगळं ऐकत होती. खिडकीतून म्हणे, "अवो, या इकडे. उन्हात नका उभे राहू. आलो एवढं लई झालं." तिचा आवाज एवढा नरम कधीच नसते. मले थे सहनच नाही झालं.

अन् मागून हॉर्न वाजला.

तेजस्विनी! स्कुटीवर, पायाजवळ पाण्याची मोठी कॅन, डोक्याले ओढणी बांधलेली. धापा टाकत म्हणे, "बापूजी, कामडेइनं बगिचा काढला दोन वर्षं झाले, झाडं वाळले होते. तुम्हाले माहीत नसन असं वाटलं. सांगणार होती तं तुम्ही निघूनच गेले. आमचे सासरे म्हणे, जा, मागं मागं जा."

मोठेबाबा तिच्याकडे पाहतच राहिले. या पोरीनं त्याइले आजच्याआधी कधी पाह्यलंही नव्हतं. थे म्हणे, "माय, एवढ्या दूर आली तू?"

"तुमची गोष्ट आमच्या घरी सगळ्याइले पाठ आहे," ती म्हणे. "तुम्ही झाकण खोलू नका, हटा, जळन." अन् वैभवदादाच्या हातातून फडकं घेतलं.

गाडी थंड होईपर्यंत आम्ही वावराच्या धुऱ्यावर बसून संत्री खाल्ली. मंग पाणी टाकलं. तेजस्विनी म्हणे, कॅनमध्ये अजून अर्धं आहे, मी सोबतच येते. अन् खरंच, रामाकोन्यापर्यंत ती मागं मागं आली. मी आरशात पाहत होती. एक जुनी गाडी अन् तिच्या मागं पाण्याची कॅन घेऊन एक स्कुटी. मले एवढं भरून आलं ना, मी काचेकडं तोंड करून बसली. असा मोठा माणूस माह्याच घरात राहते, रोज माह्यासमोर पोहे खाते, अन् मले काहीच माहीत नव्हतं.

रामाकोन्यात मावशीच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती. मावशी दारातल्या खुर्चीवरच होती. काठी टेकत उठली. मोठी आई दार उघडून पाय बाहेर काढाले लागली, तं मावशी तिथूनच ओरडली, "उतरू नको वो! थांब, मीच येते!"

अन् आली. मयूरदादानं हात धरला तं झटकला. दुसऱ्या बाजूनं मागच्या सीटवर बसली, काठी पायाशी ठेवली, अन् दार आपल्या हातानं लावून घेतलं. मोठ्या आईनंही तिकडलं दार ओढलं. काचा वर. बाहेरून काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त दिसत होतं, की दोघी एकमेकीचे हात धरून एकाच वेळी बोलून राहिल्या होत्या, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, अन् मधीच मावशीनं मोठ्या आईच्या डोक्यावर एक टपली मारली.

कितीक वेळ झाला. मयूरदादा शेवटी म्हणे, "काकाजी, स्वयंपाक थंडा होऊन राहिला. आवाज देऊ का त्याइले?"

मोठेबाबा बोनेटले टेकून उभे होते, गाडीकडं पाठ करून.

"होऊ दे," म्हणाले.